शिंगाचा तुकडा आणि पेन्सिलची चिठ्ठी

संपादक घरी आले तेव्हा मी गायीचा डोळा धूत होतो. एका हातात तिचा कान, दुसऱ्या हातात कोमट पाण्यात बुडवलेला कापूस. संपादक म्हणजे आमच्याच गल्लीतले रिटायर मास्तर. दरवर्षी दिवाळी अंक काढतात आणि दरवर्षी हा शेवटचा म्हणतात. शेणात चप्पल भरू नये म्हणून ते गोठ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"बाबाराव, यंदा तुमचा लेख पाहिजे. पशुवैद्यकीय संशोधनातलं तुमचं योगदान, असा काहीतरी."

"माह्यं योगदान म्हणजे बाटल्या धुणं, मास्तर."

"तेच लिहा."

"गायीचा रिपोर्ट येऊ द्या. थो आल्याबिगर हात चालत नाई."

गायीचं असं झालं होतं. तिच्या उजव्या डोळ्यात आतल्या पापणीवर गाठ आली होती. पांढऱ्या गाईंना येते अशी. दवाखान्यात नेऊन गाठ कापून काढली आणि तुकडा तपासायला दिला. गाठ मुळासकट निघाली असेल तर डोळा राहणार. मूळ आत राहिलं असेल तर डोळाच काढावा लागणार, नाहीतर गाय जाणार. सगळं रिपोर्टावर अवलंबून होतं.

गाय माझी नाही, माझ्या बायकोची. नाव बगळी. गिरजानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. गिरजा उन्हाळ्यात वारली. लोक विचारतात, तुम्ही जन्मभर कॅन्सरच्या गाठी पाहिल्या, घरातली नाही दिसली का. तिला गाठबिठ काही नव्हती. असती तर मी ओळखली असती. सकाळी सांबाराच्या जुड्या बांधता बांधता अटॅक आला. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमचं माळ्याचं घर, जुड्या बांधणं तिचं रोजचं काम. बाजूला कलंडली आणि संपलं. अटॅकची काही स्लाइड निघत नाही.

एक आधीच सांगतो. मी सातवी पास. बोलतो आमचं वऱ्हाडी, पण कागद पुढे आला की शाळेतलं मराठी येतं. छडीनं बसवलेलं आहे, जात नाही. माणसं मात्र जशी बोलली तशी लिहितो. पुण्याकडच्या वाचकाला ती भांडल्यासारखी वाटली तर वाटू द्या. नोकरी परिचराची होती. अकोल्यात झाली, अमरावतीतही झाली. कोणती गोष्ट कोणत्या गावची ते सांगणार नाही, दवाखान्याचं नाव सांगणार नाही. पेन्शन चालू आहे.

आता काम काय ते सांगतो. जनावराच्या अंगावरची गाठ साधी की वाईट, हे नुसतं दाबून समजत नाही. समजतं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यात डॉक्टरही असतात. खरं समजतं ते तुकडा काढल्यावर. चिंचोक्याएवढा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायचा. त्या वासानं डोळ्याला अशी धार लागते की नवीन आलेल्या मुलीला वाटायचं बैलासाठी काका रडून राहिले. मग तो तुकडा मलमलच्या फडक्यात बांधायचा, आत नावाची चिठ्ठी ठेवायची, आणि ती पुरचुंडी एकामागून एक स्पिरिटच्या बरण्यांतून फिरवायची. शेवटी मेणात गाडायची. मेणाचा ठोकळा झाला की मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. गुलाबी आणि जांभळा. हे सगळं मी करायचो. शेवटी सर यायचे, एक डोळा मिटून पाहायचे आणि म्हणायचे, "मी निदान केलं."

खोटं कशाला बोलू, काच दिसायची मात्र सुंदर. चांगल्या कातडीतल्या पेशी पंगतीला बसल्यासारख्या रांगेत असतात. वाईट गाठीत पंगत उठलेली असते, कोण कुठे बसला पत्ता नाही. इतकी वर्षं पाहून मलाही कळायला लागलं होतं. पण परिचराला कळून उपयोग नसतो. आमचे मोठे सर वाईट गाठ दिसली की खुश व्हायचे. खुर्चीतून ओरडायचे, "सुंदर. अतिशय सुंदर केस." बाहेर बैलवाला बसलेला. तो मला विचारायचा, "चांगलं हाय म्हनते ना साहेब?" मग मी त्याला बाजूला घेऊन सांगायचो की बाबा, साहेबासाठी चांगलं आहे, बैलासाठी नाही.

ही माझी खरी नोकरी होती. रिपोर्ट इंग्रजीत. एवढे लांब लांब शब्द की कागद आडवा धरला तरी मावायचे नाहीत. भिंतीवर मात्र मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, संशोधन शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचवा. शेतकरी दवाखान्याच्या दारात बसलेला असायचा आणि संशोधन त्याच्यापर्यंत मीच पोचवायचो, बिडी पेटवता पेटवता. सरांचा मोठा कागद वाचून झाला की शेतकरी माझ्याकडे पाहायचा. मी सांगायचो, साधं आहे, मलम लाव. नाहीतर सांगायचो, वाईट आहे, शिंग काढावं लागेल. मी सांगितलं ते तो ऐकायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक मोठे अधिकारी गाडीतून कुत्रा घेऊन आले. कुत्र्याला वातानुकूलित गाडीची सवय, आमच्या पंख्याखाली तो धापा टाकायला लागला. साहेबांना पोटाखाली दोन्ही बाजूंना गाठी सापडल्या होत्या. बाईंच्या डोळ्यात पाणी. साहेब म्हणाले, आजच्या आज तुकडा घ्या, रिपोर्ट मुंबईला पाठवा. सर जेवायला गेलेले. मी कुत्र्याला उताणा पाडला, पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, ह्या गाठी नाईत. ह्या तुमाले बी हायेत, दोन."

साहेबांचा हात शर्टाच्या बटनाकडे गेला आणि परत आला. नर कुत्र्यालाही सडं असतात हे त्यांना माहीत नव्हतं. बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात माझ्या उद्धटपणाबद्दल वरून कागद आला. मी उत्तर दिलं की मी शारीरिक तपासणीला मदत केली.

कातडीच्या रोगाचा आणखी वेगळा तमाशा. कुत्र्याला खरूज झाली की आमच्याकडचा माणूस आधी गॅरेजमध्ये जातो. तिथून जळालेलं ऑइल आणतो आणि कुत्र्याला चोपडतो. कुत्रा चमकायला लागतो, घरचे खुश, मग कातडी सोलून निघते. मग दवाखाना. आम्ही पात्याच्या बोथट बाजूनं रक्त डोकावेपर्यंत खरवडून काचेवर घ्यायचो आणि खरजेचा किडा शोधायचो. किडा सापडायचा नाही, ऑइल सापडायचं. एका शिकाऊ डॉक्टरानं मला गंभीरपणे विचारलं, "काका, हे काळे थेंब कोणत्या बुरशीचे?" मी म्हटलं, "टू स्ट्रोकचे."

या शिकाऊ डॉक्टरांना मोठी डिग्री मिळवायला प्रबंध लिहावा लागतो. एकाचा विषय होता गावातल्या कुत्र्यांचे त्वचारोग. त्याला ठरावीक कुत्री पाहिजे होती आणि शेवटचा महिना आला तरी भरत नव्हती. मग आमच्या मागच्या कँटीनवाल्याचं खरुजलेलं कुत्रं तीनदा आलं. एकदा मोती, एकदा राजा, एकदा टायगर. टायगरच्या दिवशी ते स्वतःहून टेबलावर चढलं आणि पाय पुढे केला. प्रबंध छान झाला. पुढच्या पानावर आभार होते: देवाचे, आईवडिलांचे, सरांचे, खोलीतल्या मित्राचे आणि शेवटी प्रयोगशाळा परिचराचे. माझं नाव नव्हतं. कुत्र्याची तीन होती.

इथपर्यंत मास्तरांना वाचून दाखवलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, असंच चालू द्या. पण आता जे लिहायचं आहे ते असं नाही.

आमच्याकडच्या बैलाला शिंगाचा कॅन्सर होतो. पांढऱ्या बैलाला जास्त. बैल मान झटकतो, शिंग खुंट्याला घासतो, डोकं एका बाजूला टाकून उभा राहतो, पुढे त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. पोळ्याला बैलाची शिंगं साळतात, म्हणजे तासून गुळगुळीत करतात, वर ऑइल पेंट मारतात. काही सर म्हणायचे साळण्यानं होतो, काही म्हणायचे पेंटानं होतो, काही म्हणायचे जुवाच्या घासण्यानं. तिघांचं आपसात पटायचं नाही, आणि तिघंही पोळ्याच्या दिवशी सुट्टी घ्यायचे. लवकर समजलं तर शिंग बुडातून काढायचं, बैल वाचतो. उशीर झाला तर कॅन्सर कवटीत उतरतो.

एका वर्षी पोळ्यानंतरच्या सोमवारी दोन बैल आले. एक चांदूर रेल्वेकडचा, राजा नावाचा, मालक बबनराव. दुसरा नांदगाव खंडेश्वरकडचा, धवळ्या, मालक दादाराव. दोघंही मान झटकत होते. सरांनी दोघांच्या शिंगाला बुडाशी भोक पाडून आतला हरभऱ्याएवढा तुकडा काढला. मालकांना आठ दिवसांनी बोलावलं. दोन पुरचुंड्या बांधायच्या, दोन चिठ्ठ्या लिहायच्या, एवढंच माझं काम.

चिठ्ठी पेन्सिलनं लिहायची असते. शिसं स्पिरिटमध्ये जात नाही, पेनाची शाई धुऊन जाते. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी दर वर्षी नवीन पोरांना सांगायचो. त्या दिवशी माझ्या कानावरची पेन्सिल मोती-राजा-टायगरवाल्यानं नेली होती. टेबलावर मोठ्या सरांचा पेन पडला होता, सेमिनारमध्ये फुकट मिळालेला. चहा आला होता. मी पेननं लिहिलं. चहा पिऊन पेन्सिल आणू, चिठ्ठ्या बदलू, असं ठरवलं होतं. चहा प्यायलो. बदलल्या नाहीत.

दोन दिवसांनी पुरचुंड्या सोडल्या तर दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या. धुतलेल्या धोतरासारख्या पांढऱ्या.

तेव्हा सरांना जाऊन सांगायचं होतं. दोन्ही मालकांना पुन्हा बोलवा, पुन्हा तुकडा घ्या, एवढंच झालं असतं. बोलणी खाल्ली असती. पण मी नवीन पोरांना धडे देणारा माणूस. मी दोन तुकडे हातावर घेतले आणि आठवायला लागलो. नांदगावचा मोठा होता की चांदूरचा. मला वाटलं नांदगावचा मोठा. मी पेन्सिल शोधली, व्यवस्थित दोन नवीन चिठ्ठ्या लिहिल्या. त्या आयुष्यातल्या माझ्या सगळ्यात सुवाच्य चिठ्ठ्या होत्या.

रिपोर्ट आला. लहान तुकड्यात कॅन्सर. मोठ्या तुकड्यात नुसता पू आणि सूज. मी बाहेर येऊन बबनरावला सांगितलं, वाईट आहे, शिंग काढावं लागेल. दादारावला सांगितलं, साधं आहे, मलमपट्टी कर. दादारावनं हात जोडले, सरांना नाही, मला.

राजाचं शिंग काढलं. काढलेल्या शिंगातून तुकडे घेऊन मी स्लाइड केल्या. स्वच्छ. कुठेच कॅन्सर नाही. म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. सरांनी काच पाहिली आणि टेबलावर थाप मारली. म्हणाले, "पाहिलं? इतक्या लवकर निदान केलं की पहिल्या तुकड्यातच रोग निघून गेला." राजाचा एका शिंगाचा फोटो निघाला आणि सेमिनारमध्ये पडद्यावर दाखवला. टाळ्या झाल्या. मी प्रोजेक्टरची वायर धरून उभा होतो, वायर सैल होती म्हणून.

तेव्हाही बोललो असतो तर धवळ्याचं शिंग काढायला वेळ होता. हे मी लिहितो आहे ते वाचून माझी कीव करू नका. मला तेव्हा समजलं होतं आणि मी बोललो नाही.

थंडी संपता संपता दादाराव धवळ्याला घेऊन आला. डोळा बाहेर आलेला, नाकाला रक्त. सर त्याच्यावर ओरडले, "उशिरा आणलं तुम्ही. तुम्ही लोक वेळेवर आणत नाही आणि मग नशिबाला दोष देता." दादारावच्या खिशात आमचाच जुना रिपोर्ट होता, इंग्रजीतला. तो त्यानं काढलाही नाही. बाहेर निंबाच्या पारावर जाऊन बसला. मी त्याला चहा नेऊन दिला. एवढीच माझी हिंमत. धवळ्या आठ दिवसांत गेला.

घरी येऊन गिरजाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"त्याले सांगतलं का?"

"कोनाले?"

"ज्याचा बैल मेला त्याले."

"आता सांगून काय बैल उठते का?"

"अवो, बैलासाठी नाई म्हनत मी. जा अन् सांगून या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. म्हणजे एसटी स्टँडवर गेलो. नांदगावची बस लागलेली होती. मी म्हटलं आधी चहा घेऊ. चहा घेईपर्यंत बस गेली. मी घरी आलो. गिरजानं तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. पुढच्या पोळ्याला सकाळी, शेजाऱ्याच्या बैलांना ओवाळून शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा चारून आली, पदराला हात पुसले आणि माझ्या खिशात एक नवी पेन्सिल खोचली. "असू द्या," म्हणाली. त्यानंतर दर पोळ्याला एक पेन्सिल. मी रिटायर झालो तरी पेन्सिल. एकदा म्हटलं, आता काय लिहायचं आहे मला. म्हणाली, "तेच तर इचारून राहिले मी." मागच्या पोळ्याची पेन्सिल टोक न काढता तशीच घडवंचीवर पडून होती.

आता बगळीचं सांगतो. दवाखान्यात मी इतकी वर्षं आतून गेलो, या वेळी बाहेरून गेलो. गायीच्या दोरीला धरून रांगेत. टेबलावर एक तरुण डॉक्टरीण होती, हुशार आणि गोड बोलणारी. गाठ तिनं सफाईनं काढली. हात चांगला आहे, हे मला सांगायला नको, मला हात समजतात. गायीच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो ना, त्याचा नंबर तिनं कॉम्प्युटरात घातला.

"काका, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी गेला असेल. तो सांगा."

माझ्या डाव्या खिशात फोन वाजला. उजव्या खिशात माझा असतो. डाव्यात गिरजाचा. तिच्या नंबरवर मी दर महिन्याला रिचार्ज मारतो, का ते विचारू नका. मी तो काढून आकडे वाचून दाखवले.

"मालक गिरजाबाई. त्या कुठे आहेत?"

"घरी," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं तर बिल्ला माझ्या नावावर करायचा अर्ज, मृत्यूचा दाखला, त्याची झेरॉक्स, त्याच्यावर सही, असं गायीचा डोळा फुटेपर्यंत चाललं असतं. मला ते ऑफिस माहीत आहे. मी तिथल्या फायली वाहिल्या आहेत.

डॉक्टरीणबाईनं गाठीचा तुकडा बाटलीत टाकला, मशीनमधून काळ्या रेघांचा कागद काढला आणि बाटलीला बाहेरून चिकटवला.

"बाई, आतमदी पेन्सिलची चिठ्ठी टाका."

"काका, आता तशी गरज नाही. सगळं सिस्टीममध्ये असतं."

"बाटली सांडली तं?"

"सांडत नाही."

"माह्या वेळी बी सांडत नव्हती."

ती हसली. वाईट हसली नाही, म्हाताऱ्याला हसतात तशी हसली. मग तिला शेजारच्या म्हशीकडे बोलावलं आणि ती गेली. ती येईपर्यंत मी खिशातून गिरजाची पेन्सिल काढली. सकाळी निघताना विळ्यानं टोक काढून आणली होती. ती घरूनच का आणली, हे मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. एसटीच्या तिकिटाच्या पाठीमागे लिहिलं: गिरजा. पांढरी गाय. उजवा डोळा. घडी केली, बाटलीचं झाकण उघडलं, आत सोडली. फॉर्मालिननं डोळ्याला धार लागली. बाई परत आली तर म्हणाली, "काका, रडू नका, गाय बरी होईल." मी म्हटलं बरं.

आठ दिवस म्हणाले होते, पंधरा झाले. मी रोज डोळा धुवायचो आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काही उगवतं का पाहायचो. पाहून समजत नाही हे मला माहीत असताना पाहायचो. बगळी मान हिसडायची नाही, गिरजा समजून उभी राहायची. एक दिवस मी तिला बोललो, "रिपोर्ट तुहाच, खरा आला तं नांदगावले जातो. खोटं नाई बोलून राहिलो." तिनं शेपटीनं माशी मारली.

सोळाव्या दिवशी डॉक्टरीणबाईचा फोन आला. माझ्या फोनवर नाही, गिरजाच्या. तो डब्यावर ठेवलेला होता, वाजला तर मी दचकलो.

"गिरजाबाई आहेत का?"

"मी त्याईचा घरवाला. बोला."

"काका तुम्ही. एक विचारायचं होतं. बाटल्यांची पेटी लॅबला जाताना वाटेत आडवी झाली, फॉर्मालिन सांडलं. सगळ्यांचे स्टिकर पुसले गेले. सहा बाटल्या आहेत, कोणती कोणाची समजत नाही. एका बाटलीत चिठ्ठी निघाली, एसटीच्या तिकिटावर. ती तुमचीच ना?"

"काय लिवलं हाय?"

तिनं वाचलं. गिरजा, पांढरी गाय, उजवा डोळा. मी म्हटलं हो, आमचीच.

"बाकी पाच जणांना परत बोलवायला सांगितलंय," ती म्हणाली. "सर म्हणत होते अंदाजानं लावता येतील. मी नाही म्हटलं."

पोरगी चांगली निघाली. मी तिला म्हटलं, "बाई, ह्याच्यावर पक्क्या राहजा." ती म्हणाली, आता चिठ्ठ्याही टाकते काका, पेन्सिलनं.

चार दिवसांनी रिपोर्ट मिळाला. इंग्रजीच होता. मी पारावर बसून स्वतःच वाचला. शब्द पाठ आहेत मला. गाठ वाईट, पण कडा स्वच्छ. म्हणजे मुळासकट निघाली. डोळा राहणार. वर मालकाच्या जागी गिरजाचं नाव होतं, छापील.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला बगळीची वैरण सांगितली आणि नांदगावची बस धरली.

दादारावचं घर विचारत गेलो. ओळखलं मी त्याला, त्यानं मला नाही. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत होतं आणि तो ते पायानं पसरत होता. बैल नव्हते. ट्रॅक्टर होता, त्याच्या हेडलाइटला पोळ्याचा सुकलेला हार तसाच लटकलेला.

"दादाराव, मी दवाखान्यातला. धवळ्याच्या वेळचा."

तो थांबला. "च्या पाजनारा?"

"हाव."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पेन, चहा, कोऱ्या चिठ्ठ्या, हातावरचे दोन तुकडे. राजाचं शिंग स्वच्छ निघालं तेव्हा मला समजलं होतं, हेही सांगितलं. तो सोयाबीन पसरत राहिला. एकदाच थांबला.

"म्हंजे म्या वेळेवर आनला होता?"

"वेळेवर आनला होता."

"साहेब म्हने उशिरा आनला."

"साहेबाले माहीत नोतं. मले माहीत होतं."

तो ताडपत्रीच्या कडेला बसला. पायाला चिकटलेले दाणे एकेक काढून आत टाकत राहिला. "माहा बाप मरेपर्यंत मले बोलला," म्हणाला. "तुह्या आळसानं बैल गेला म्हने. म्या बी तसंच समजत होतो." मग माझ्याकडे वर पाहिलं. "इतक्या वर्सानं काहून आला रे तू?"

"बायको गेली माही. तिनं सांगतलं होतं जा म्हनून."

"कवा सांगतलं होतं?"

"तवाच."

तो पुन्हा दाणे काढायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक दिल्या नाहीत. आतून सून चहाचं विचारायला आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिला हातानं थांबवलं.

"चांदूरवाल्याले सांगतलं का?"

"नाई."

"त्याचं शिंग फुकट गेलं."

"हाव."

"मंग इथं काय बसून राहिला?"

मी उठलो. स्टँडवर आलो तेव्हा चांदूर रेल्वेची बस लागलेली होती. बाजूला टपरीवर चहा उकळत होता. मी बसमध्ये जाऊन बसलो.